काटकोनवाल्या काकू

आता कुठल्याही सोसायटीत एक तरी केकवाल्या काकू असतातच. त्यांतल्या गोल केक करणाऱ्या हसतमुख असतात, त्यांना रात्री झोप लागते. चौकोनी केकवर फॉन्डंटचं, म्हणजे लाटलेल्या साखरेचं, आवरण चढवणाऱ्या मात्र लांबूनच ओळखू येतात. त्या तुमच्याकडे आल्या की आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतात, मग बसतात. टीपॉयवरची वर्तमानपत्रं कडेला कड लावून रचतात. बर्फी पुढे केली तर खाण्याआधी ती चारी बाजूंनी न्याहाळतात आणि बहुधा नाराज होतात.

त्यांच्या ओट्याखालच्या खणात गुण्या, लेव्हल बॉटल, स्टीलची पट्टी, थोडक्यात पॉलिश पेपर सोडून सुताराची सगळी हत्यारं सापडतात. काका ती महिनोन् महिने माळ्यावर शोधत असतात.

काकूंचा सिद्धान्त असा, की फॉन्डंट बिचारं निर्दोष असतं. खोट असते ती खालच्या थरात. त्यामुळे व्हिप्ड क्रीमवर फॉन्डंट घालणाऱ्यांशी त्या बोलत नाहीत. आधी गनाश. डार्क चॉकलेट असेल तर दोन भागांना एक भाग क्रीम, पांढरं असेल तर तीनाला एक, आणि उन्हाळ्यात चॉकलेटचा हात आणखी सढळ. ते रात्रभर बाहेरच घट्ट होऊ द्यायचं आणि सकाळी गरम पाण्यातून काढून पुसलेल्या स्क्रॅपरने कडांना धार आणायची. ही धार पाहायला काकांनी एकदा बोट लावलं होतं. तो विषय घरात अजून निघतो.

मग गणित. केक आठ इंची आणि चार इंच उंच असेल, तर आठ अधिक चार अधिक चार म्हणजे सोळा. दोन इंच हाताशी राखून अठरा इंचांचा चौकोन लाटायचा. जाडी तीन ते चार मिलिमीटर. पातळ झालं तर कोपऱ्यावर फाटतं, जाड झालं तर कोपरा गुबगुबीत होतो. भुरभुरवलेली आयसिंग शुगर जास्त झाली की वर बारीक भेगा पडतात. मग चिमूटभर डालडा लावून पुन्हा मळणं आलं.

प्रत्यक्ष चढवण्याच्या वेळी घरात पंखा बंद, टीव्ही बंद, काका बंद. केकवर पाण्याचा हलका हात फिरतो आणि लाटण्यावर गुंडाळलेलं फॉन्डंट अलगद उतरतं. नवशिके इथे बाजूंच्या चुण्यांकडे धावतात आणि फसतात. काकू आधी चारी कोपरे धरतात, कारण सगळं वजन तिथेच लोंबतं आणि चीरही तिथेच पडते. तळहाताची वाटी करून कोपरा चिकटवायचा, खालचा घोळ बाहेर उचलून धरायचा आणि हात वरच्या दिशेने फिरवायचा. ‘ओढू नको गं, ओढू नको!’ असं त्या स्वतःलाच दटावत असतात. मग बाजू. शेवटी एक स्मूदर वर, एक बाजूला, आणि दोन्ही एकमेकांकडे दाबत कडेवरून नेले की काटकोन उभा राहतो. मध्येच हवेचा फुगा दिसला तर त्याच कामासाठी राखून ठेवलेली टाचणी निघते. टाचणी तिरकी घालायची, हेही तुम्हाला ऐकावं लागतं.

वरचा एक आणि बाजूंचे चार असे पाच तुकडे वेगळे कापून चिकटवले तर कोपरे आपोआप टोकदार येतात, असं कुणी सुचवलं की काकूंचा चेहरा पाकिटातली पुरणपोळी वाढल्यासारखा होतो.

त्यांचा खरा वैरी पावसाळा. साखर हवेतलं पाणी ओढून घेते. मुंबईच्या जुलैत फॉन्डंटला घाम फुटतो. फ्रिजमध्ये ठेवावं तर बाहेर काढल्यावर त्याच्यावर दव धरतं. म्हणून त्या दिवसांत एसी लावलेल्या बेडरूममध्ये केक निजतो आणि काका हॉलमध्ये.

गिऱ्हाइकंही त्यांना शोधत येतात. कुणाला कॅरम बोर्ड हवा असतो, कुणाला हार्मोनियम, बँकेतून निवृत्त होणाऱ्याला पासबुक. प्रश्न ठरलेले: एगलेस ना? जिलेटिन नाही ना? आणि शेवटी, ‘फार गोड नको हं!’ किलोभर साखरेच्या आवरणाकडे बघत काकू ‘नाही हो’ म्हणतात. कोपरा सोडून इतर कुठल्याही बाबतीत त्या तडजोडीला तयार असतात.

केक पोहोचवायला त्या स्वतः जातात, मांडीवर डबा घेऊन, प्रत्येक गतिरोधकाला रिक्षावाल्याला दम देत. फोटो काढतात आणि सुरी निघायच्या आत निघतात. पुढे काय होतं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे: पोरं आतला केक खातात, मोठी माणसं फॉन्डंट सोलून बशीच्या कडेला ठेवतात, आणि सगळ्यात देखणा कोपरा कुणीतरी कुत्र्याला देऊ की नको याची चर्चा करतं.

तेव्हा ऑर्डर द्यायला गेलात तर ‘एवढे पैसे कसले?’ विचारण्याआधी कोपरे नीट बघून घ्या. काकू त्यांचे वेगळे पैसे लावत नाहीत, हे तुमचं नशीब. आणि फॉन्डंट खायचं नसेल तर खुशाल काढून ठेवा. फक्त बशीत तिरकं ठेवू नका.