लक्ष्मी दारात, यजमान कोर्टात

कोकणात कोर्टाची पायरी चढायला फार मोठं कारण लागत नाही. बांधावरच्या फणसाची एक फांदी पलीकडे झुकली की वकिलांच्या तीन पिढ्यांची सोय होते. पण ‘हे पैसे आमचे नाहीत, कृपा करून आम्हाला देऊ नका’ असा दावा मालवणच्या कोर्टातही अजून कुणी लावलेला नाही. तो लावला आयर्लंडने. आणि तो चालू असताना दोनदा त्या देशाचे पंतप्रधान झाले लिओ वराडकर. त्यांच्या वडिलांचं गाव वराड, तालुका मालवण. आमच्या एका मालवणी स्नेह्यांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, “पैशे नको म्हणान कोण कोर्टात जाता? खुळावले काय ते?”

खुळावले मुळीच नव्हते. ऑगस्ट २०१६ मध्ये युरोपीय आयोगाने हुकूम काढला, की आयर्लंडने अ‍ॅपल कंपनीला दिलेली करसवलत बेकायदा आहे, सबब १३ अब्ज युरो वसूल करा. आपल्या हिशेबात एक लाख कोटी रुपयांच्या वर. लोकसंख्या मुंबईच्या निम्मीसुद्धा नाही अशा देशाच्या दारात एवढी लक्ष्मी उभी राहिली आणि मंत्रिमंडळाने आठवडा उलटायच्या आत ठरवलं, अपील करायचं!

सवलत कसली होती, हे समजून घेण्यासारखं आहे. अ‍ॅपलच्या दोन कंपन्या आयर्लंडमध्ये नोंदलेल्या. युरोप, आखात, आफ्रिका आणि आपला भारत, इथल्या विक्रीचा नफा त्यांतल्या एकीच्या वहीत जमा व्हायचा. पण तो नफा आयर्लंडचा धरायचा नाही, कंपनीच्या ‘मुख्य कचेरी’चा धरायचा. ही मुख्य कचेरी कुठे होती? कुठेच नाही. तिला इमारत नव्हती, कर्मचारी नव्हते, देशही नव्हता. अमेरिकेचा कायदा नोंदणी कुठली ते बघायचा, म्हणून कंपनी अमेरिकेला परकी. आयर्लंडचा कायदा कारभार कुठून चालतो ते बघायचा, म्हणून ती आयर्लंडलाही परकी. परब्रह्माचं वर्णन याहून फारसं वेगळं करत नाहीत. फरक एवढाच, की परब्रह्माला नफा होत नाही. २०१४ साली या कचेरीच्या कृपेने कराचा दर पडला ०.००५ टक्के. दहा लाख युरो नफ्यावर पन्नास युरो.

हे कंपनीने सरकारच्या डोळ्यांत धूळ फेकून केलं म्हणावं, तर तसंही नाही. १९९१ आणि २००७ मध्ये तिथल्या कर खात्यानेच या हिशेबावर मान डोलावली होती. करबुडवेगिरीच्या चर्चेत आपण नेहमी चलाख कंपनी आणि भोळं सरकार अशी जोडी रंगवतो. इथे सरकार गल्ल्यावर बसून ‘या, बसा, कमी करून देतो’ म्हणत होतं. कर न घेणं हाच ज्याचा धंदा, त्याच्या हातात सक्तीने कर कोंबला तर पुढची गिऱ्हाइकं बिचकणारच. बाजू मांडायची तर त्यांचीही आहे. १९८० पासून कॉर्क शहरात अ‍ॅपल आहे, हजारो लोकांना नोकऱ्या आहेत, आणि दर उतरवण्याच्या या शर्यतीत एकटं आयर्लंड नाही. २०१९ च्या सप्टेंबरात आपणही कंपन्यांचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणलाच की. फक्त जर्मनीत विकलेल्या फोनचा कर माफ करण्याचं औदार्य आयर्लंडने दाखवावं, हे ज्याच्या खिशातून गेलं त्या जर्मनाला विचारलेलं नव्हतं.

खटला चालू असताना अ‍ॅपलने व्याजासह सव्वाचौदा अब्जांच्या वर रक्कम तिऱ्हाईत खात्यात भरली. तेव्हा युरोपात व्याजदर शून्याच्या खाली होते, त्यामुळे नको असलेल्या पैशाने मालकाची मर्जी ओळखून थोडं आटूनही दाखवलं. २०२० मध्ये आयर्लंड जिंकलं; म्हणजे पैसे न मिळण्यात यशस्वी झालं. पण १० सप्टेंबर २०२४ ला युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. आयर्लंड हरलं आणि गडगंज श्रीमंत झालं.

त्याच महिन्यात डब्लिनमध्ये दुसराच गदारोळ चालू होता. संसदेच्या आवारात सायकली ठेवायला एक छप्पर बांधलं होतं, त्याचा खर्च निघाला सुमारे ३ लाख ३६ हजार युरो. कर नको म्हणणाऱ्यांना खर्च मात्र चांगला जमतो.

आता बहुतेक देशांनी मिळून किमान १५ टक्के कर ठरवला आहे. २०२१ मध्ये आयर्लंडनेही त्याला मान तुकवली. मग जून २०२५ मध्ये अमेरिकेने जी-७ मधल्या मित्रांकडून आपल्या कंपन्यांना त्यातल्या मुख्य तरतुदींमधून वगळण्याचं कबूल करून घेतलं. अ‍ॅपल अमेरिकेचीच.

पगारदार वाचकहो, महाराष्ट्रात व्यवसाय कर महिना दोनशे रुपये कापतात आणि फेब्रुवारीत, महिना सर्वांत लहान असूनही, तीनशे. तुमची मुख्य कचेरी कुठेच नाही, असं एकदा अकाउंट्स खात्याला लेखी कळवून बघा.