तळ दिसला पाहिजे!

हिमायतनगरचे आमचे एक स्नेही अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडून मालवणला स्कूबा डायव्हिंगला गेले. गाईड म्हणाला, "साहेब, पावसाळ्यात बंद. हिवाळ्यात मात्र पाणी नितळ, तळ दिसतो." स्नेही हसले. तळ तर आमची पैनगंगा मे महिन्यात फुकट दाखवते, तोही बिनसिलिंडरचा!

तेवढ्यात पाण्यात जेलीफिश दिसली. मेंदू नाही, हृदय नाही, कणा नाही. प्रवाह नेईल तिकडं तरंगायचं, जवळ येईल त्याला डसायचं. तरी ५० कोटी वर्षं टिकून! स्नेह्यांना आपला मतदारसंघ आठवला. पण तिच्या अंगात ९५ टक्के पाणी असतं, हे ऐकून त्यांनी हातच जोडले: "बाई, एवढं तर आमच्या नळालाही येत नाही!"