न निघालेला धूर कसा विकावा

पिंपळनेरच्या बाजारात कांदा, तांदूळ, शेळ्या सगळे विकले जाते. न निघालेला धूर मात्र अजून कोणी आणलेला नाही. नवशिक्यांसाठी ही कृती.

आधी निघणारा धूर ओळखा. देशात मोठा वाटा कोळशाचा. आपल्या वीजजाळ्यात भुसावळजवळच्या दीपनगरची औष्णिक वीज येते, म्हणजे इकडे मोटार लावली की कुठेतरी कोळसा जळतो. मग दावणीकडे वळा. रवंथ करणारी गाय मिथेन सोडते, आणि तोही बहुतेक तोंडावाटे. मोजायला भलत्या बाजूला उभे राहू नका. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापवतो. भाताच्या तुंबलेल्या खाचरातूनही तोच निघतो. युरिया टाकल्यावर शेतातून उठणारा नायट्रस ऑक्साइड तर २७३ पट!

आता विक्री. धूर कमी करण्यासाठीचा १९९७चा क्योटो करार २००५मध्ये लागू झाला आणि धुळे जिल्ह्यातल्या कितीतरी पवनचक्क्यांची त्याखाली नोंद झाली. आपल्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल, छडवेलकडे त्या फिरताना दिसतातच. चक्कीने हजार युनिट वीज दिली, की कोळशाचा पाऊण ते एक टन कार्बन डायऑक्साइड टळला असे धरतात. एक टन टळला की एक क्रेडिट. ‘हाई हवा इकत कोन लेस, भो?’ असे विचाराल, तर उत्तर : ज्याला स्वतःचा धूर कमी करायचा नाही तो.

खरी कसोटी पुढेच आहे. क्रेडिटचा पैसा नसता तर ही चक्की उभीच राहिली नसती, हे सिद्ध करावे लागते. त्या काळी पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा मिळून आयकर वाचत असे. ती सवलत धरूनही धंदा परवडत नाही, असे कागदावर दाखवता आले की तुम्ही तरबेज झालात.

भावाचे म्हणाल, तर २०१२च्या अखेरीस हे क्रेडिट एका युरोच्याही खाली घसरले. कांदा पिकवणाऱ्याला हा धडा वेगळा शिकवायला नको.

२०२३मध्ये केंद्राने देशातल्या कार्बन बाजाराची योजना जाहीर केली आहे. तेव्हा उद्या कोणी क्रेडिटसाठी बांधावर झाडे लावा म्हणत करारनामा घेऊन आला, तर अंगठा देण्याआधी दोनच गोष्टी वाचून घ्या : क्रेडिट कोणाच्या नावावर, आणि करार किती वर्षांचा.