कोनता चांगदेव?

"गुरुजी, हाऊ व्हॅलेन्स नेमका राजा व्हता का पाद्री?"

जिभाऊंनी कुंपणावरून थेट प्रश्नच टाकला. हातात नातीची परीक्षेची वही होती. नात मागे ओट्यावर कपाळाला हात लावून बसलेली.

"दोन्ही," मी म्हटलं, "पण माणसं दोन."

मग सांगणं आलंच. एक व्हॅलेन्स रोमचा बादशहा, इ.स. ३६४ ते ३७८. गॉथ टोळ्यांशी एड्रियानोपलला लढताना पडला, त्याचं प्रेतसुद्धा सापडलं नाही. दुसरा त्याच काळातला, मुर्सा गावचा बिशप. ते गाव म्हणजे आजच्या क्रोएशियातलं ओसियेक. दोघंही एरियस नावाच्या ख्रिस्ती पाद्र्याच्या मताचे, म्हणून पोरांचा घोळ आणखी वाढतो.

"हाऊ पाद्री बराच चालू व्हता जिभाऊ. ३५१ साली मुर्साजवळ कॉन्स्टँटियस बादशहाची बंडखोर मॅग्नेन्शियसशी मोठी लढाई झाली. बादशहा स्वतः रणात उतरला नाही, गावाबाहेरच्या चर्चमध्ये बसून राहिला. सोबतीला हा बिशप. यानं आपली माणसं आधीच रणाच्या आजूबाजूला पेरून ठेवलेली. शत्रू पळाल्याची खबर सगळ्यांत आधी याला लागली, आणि यानं ती बादशहाला दिली. कोणी सांगितलं म्हणून विचारलं तर म्हणाला, देवदूतानं!"

"म्हंजे त्याना फोन सगळास्ना पहिले वाजना!" जिभाऊ हसले. उभी हयात त्यांची बाजार समितीत मापाडी म्हणून गेली. मिरचीचा भाव आधी कुणाला कळतो आणि तो कसा सांगितला जातो, हे त्यांना निराळं शिकवायला नको. सल्पिशियस सेव्हेरस नावाच्या जुन्या इतिहासकारानं ही गोष्ट लिहून ठेवली आहे. तो त्या बिशपाच्या विरुद्ध पक्षाचा, तेव्हा थोडा मीठमसाला लागला असेल असं धरूनच घ्यावी.

एवढ्यात माई आल्या. सारंगखेड्याच्या दत्तयात्रेहून आणलेला चिवडा त्यांनी तारेवरून माझ्या हातात दिला आणि गप्पांत शिरल्या. "राजा आन् साधू एकच नावना, ते आपलाकडे नहीत का?"

आहेत की! चक्रधरस्वामींचंच घ्या. महानुभावांच्या चरित्रात त्यांचं आधीचं नाव हरिपाळदेव, भडोचच्या प्रधानाचा मुलगा. आणि देवगिरीच्या रामदेवराव यादवाचा जावई हरपाळदेव. त्यानं खिलजींविरुद्ध उठाव केला, आणि १३१८ मध्ये मुबारक खिलजीनं त्याला हालहाल करून मारलं. एक घरदार सोडून भिक्षा मागत हिंडला, दुसरा राज्य परत मिळवायला गेला. मध्ये अंतर जेमतेम पन्नास वर्षांचं.

"पन आपला खान्देशमा तर चांगदेवनीच गर्दी शे," मी म्हटलं.

"चांगदेव एकच," माई ठासून म्हणाल्या. "वाघवर बसेल, हातमा सापना चाबूक. चौदाशे वरीस जगना तो."

तो झाला एक. वटेश्वर चांगदेव. ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या धाडल्या त्या यालाच, आणि मुक्ताबाईला गुरू केलं ते यानंच. मुक्ताईनगर तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर त्याचं देऊळ आहे, समाधी मात्र पुणतांब्याला. दुसरे महानुभावांचे चांगदेव राऊळ, मूळ फलटणचे, पुढे द्वारकेला राहिले. पंथाच्या पाच कृष्णांत श्रीकृष्ण आणि दत्तात्रेय यांच्यानंतर यांचाच मान. राऊळ म्हटल्यावर जिभाऊंनी गढीच्या दिशेला मान वळवून पाहिलं. आमच्या गावचे पूर्वीचे संस्थानिक रावळ, तेव्हा त्यांचं बरोबरच होतं. चौथे चांगदेव पाटील, सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांच्या कादंबऱ्यांतले. ते कुणालाच गुरू करत नाहीत.

"आन् तिसरा?" नात ओट्यावरून म्हणाली. तिचं लक्ष होतं तर!

तिसरा माझा लाडका. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या पाटणचा. 'लीलावती' लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू, लक्ष्मीधराचा मुलगा, सिंघण यादवाचा राजज्योतिषी. त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला पाटणला मठ काढला. निकुंभ घराण्यातले सोइदेव आणि हेमाडीदेव हे भाऊ तिथले सामंत. त्यांनी मठाला दान दिलं. शके ११२८, श्रावणी पौर्णिमा, त्यात चंद्रग्रहण. इ.स. १२०६-०७ ची ही गोष्ट. शिलालेख भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. वरचा भाग संस्कृत, पण देण्याघेण्याचा हिशोब आला की लेख सरळ मराठीत उतरतो. हिशोब लोकांना कळायलाच हवा ना!

"काय हिशोब?" जिभाऊ आता कुंपणाला अगदी चिकटले.

"पाटणच्या बाजारात जो माल उघडेल, त्यावर राजाला गिऱ्हाइकाकडून मिळायचं ते मठाला. गावात जेवढे घाणे चालतील, तेवढ्यांकडून पळी पळी तेल. आणि जे काही मापायचं ते मठाच्या मापानं मापायचं. मापणावळ अर्धी मठाला, अर्धी मापाड्याला."

जिभाऊ क्षणभर गप्प. मग म्हणाले, "मापाडीना हिस्सा दगडवर कोरेल शे?"

"कोरेल शे."

"आन् माले आजलोंग कोनी सांगं नही!"

सांगणार कोण? चांगदेव म्हटलं की सगळं श्रेय वाघावरच्या बाबाला जातं. हेमाडीचंही तेच झालं. पुढे यादवांचा प्रधान हेमाद्री गाजला, आणि चुन्याशिवाय बांधलेलं दिसेल ते देऊळ लोकांनी हेमाडपंती करून टाकलं. पाटणचं महादेवाचं देऊळसुद्धा! त्याचा लेख शके १०७५ चा, निकुंभांच्या गोवन राजाच्या वेळचा. हेमाद्री प्रधान व्हायच्या शंभरेक वर्षं आधीचा.

माईंना हे फारसं पटलं नाही. "मंग वाघ खोटा का?"

"वाघ राहू द्या माई. फक्त मठ त्याचा नव्हे."

नातीनं वहीत काहीतरी खरडलं. व्हॅलेन्सपुढे 'मुर्सा' आणि 'एड्रियानोपल' असं लिहून तिनं दोघांना दोन गावं दिली होती. त्याखाली चांगदेव, संगम, फलटण, पाटण. अभ्यासाला एवढं पुरे.

जिभाऊंचा निकाल मात्र तिथंच लागला. "तुमी कोनताबी चांगदेव धरा गुरुजी, आमना तो पाटणवाला. मापाडीले अर्ध देनारा."

तेव्हा वाचकहो, चंडिकेच्या दर्शनाला पाटणादेवीला जाल तर सोबतच्या पोरांना या मास्तराची ओळख नक्की करून द्या. वाघाची गोष्ट त्यांना आधीच ठाऊक असते.