तीनशेव्या नंबरचं स्थळ

सातारा-सांगलीकडे मुलगा ‘टेनिस खेळतो’ म्हणाला, की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘ते झालं हो, पण नोकरी?’ जगात तीनशेवा नंबर आहे म्हणावं, तर पाहुणे चहाचा कपच खाली ठेवतात. तलाठी भरतीच्या यादीत तीनशेवा असता तर चौकात फ्लेक्स लागला असता! इकडे १५,००० डॉलरच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलं, की हातावर १५६ डॉलर. विमान, हॉटेल, रॅकेटची तार, सगळं पदरचं. त्यापेक्षा जत्रेतला पैलवान बरा, निदान जेवण गावाचं. २०२३ साली सुमित नागलने खात्यात ९०० युरो उरल्याचं सांगितलं, तेव्हा एकेरीत तो देशात पहिला होता; बाकीच्यांच्या पासबुकात डोकावू नये.

सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांना हा हिशेब आधीच उमगला असावा. ज्युनिअर टेनिसमध्ये रामनाथन कृष्णनकडून हरले, बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६ मध्ये मलायातली सेलांगर स्पर्धा जिंकून आले. पण चिरंजीव गौरव पुन्हा टेनिसच्याच वाटेला! १९९४ च्या एशियाडमध्ये लिअँडर पेससोबत दुहेरीचं सुवर्ण आणलं खरं. पाहुणे तरीही विचारणारच, ‘सोनं किती तोळे?’