मोठी बोट घेणाऱ्यांसाठी

निवृत्तीनंतर वेळ जात नाही अशी ज्यांची तक्रार आहे त्यांनी बोट घ्यावी. आणि घ्यायचीच तर मोठी घ्यावी. लांबी दुप्पट तर काम दुप्पट, असा हिशेब भाबडे लोक करतात. घडण तीच ठेवून लांबी दुप्पट केली की रंगवायचा पृष्ठभाग चौपट होतो आणि वजन आठपट. पंधरा फुटी होडी चार मित्र जेवणाच्या बोलीवर वाळूवर ओढून देतात. तीस फुटीला क्रेन लागते, आणि क्रेनवाला जेवणावर येत नाही.

पण नुसत्या लांबीने भागत नाही. खरी गंमत यंत्रणांत आहे. सुरुवात पिण्याच्या पाण्यापासून करावी. पाण्याचे डबे भरून नेणं मागासलेपणाचं. त्यापेक्षा खारं पाणी गोडं करणारं यंत्र बसवावं. ते साधारण ५५ बार दाबाने पाणी पडद्यातून ढकलतं, म्हणून वीज हवी. विजेसाठी जनरेटर आला. तो थंड राहायला समुद्राचं पाणी हवं, तेव्हा बोटीच्या तळाला एक भोक पाडावं. (हा मुहूर्त सहकुटुंब साजरा करावा.) भोकाला व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह गळेल म्हणून बिल्ज पंप, पंपाला बॅटरी, आणि बॅटरी भरायला पुन्हा तोच जनरेटर. त्याच्या पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर ऐन समुद्रात फाटतो आणि तो हात पोहोचणार नाही अशाच जागी असतो. शिवाय यंत्र आठवडाभर बंद राहिलं, तर त्यातले पडदे गोड्या पाण्याने धुवावे लागतात. तेवढ्यासाठी पाण्याचे डबे भरून न्यावेत.

कोकणातले मच्छीमार १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत नौका वर घेऊन डागडुजी उरकतात. आपण फ्रीझर, एसी आणि विजेवरचा संडास बसवला असल्याने बारा महिने मोकळे ठेवावेत.

लिन आणि लॅरी पार्डी या दांपत्याने स्वतः बांधलेल्या चोवीस फुटी ‘सेराफिन’मधून जगप्रदक्षिणा केली. बोटीला इंजिन नव्हतं, आणि संडासाच्या जागी बादली. असल्या लोकांची पुस्तकं वाचू नयेत. मन विचलित होतं.

शेवटची सूचना. मांडव्याला जायचं ठरलं की गेटवेवर तिकीट काढून सरळ लाँचने जावं. आपली बोट त्या दिवशी दुरुस्तीला असेल.