स्वयंचलित यंत्राची हमाली

पट्टीवरून धावणाऱ्या रोबोंच्या स्पर्धेच्या नियमपत्रिकेत एक कलम हमखास असतं: यंत्र पूर्णपणे स्वयंचलित हवं, माणसाचा हात लागता कामा नये. हे कलम पांढऱ्या फलकावरच्या काळ्या पट्टीपुरतं. उरण ते मुंबई हे अंतर त्यात धरलेलं नसतं. तेवढं अंतर स्वयंचलित यंत्र माझ्या डोक्यावरून कापतं.

आमच्या पुतण्याच्या यंत्राचं नाव ‘चिंबोरी’, म्हणजे खेकडा. काळ्या पट्टीवरून सरळ धावायचं सोडून ते पहिल्यांदा तिरकंच सुटलं, म्हणून घरच्यांनी ठेवलेलं. पोटाखाली इन्फ्रारेड सेन्सरची रांग. पांढऱ्यावरून किरण परततात, काळा रंग ते गिळतो, आणि त्या फरकावरून कुठलं चाक हळू करायचं ते अर्डुइनो नावाचा छोटा नियंत्रक ठरवतो. सरावासाठी पुतण्याच्या चमूतल्या पोरांनी ओटीवर काळ्या टेपची वळणं चिकटवली. कुणीतरी करणी केली असं समजून आजी मागच्या दारानं ये-जा करू लागली.

१२ जानेवारी २०२४ ला उरणपर्यंत लोकल आली, अटल सेतूचं उद्घाटनही त्याच दिवशी झालं. पण स्पर्धेला सोबत निघालेल्या वडीलधाऱ्या तात्यांची हयात मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला जाण्यात गेलेली. “रूळ काय, काल आले,” म्हणत त्यांनी वरात मोऱ्याला वळवली. तिथं ओहोटी. गाळ उघडा पडलेला, लाँच बंद. “आमचा सेन्सर दर दहा मिलीसेकंदांनी रीडिंग घेतो,” पुतण्या कुणाला तरी सांगत होता. जेट्टीवरचा माणूस म्हणाला, “पानी भरंल तवा लाँच लागंल.”

शेजारी टोपली घेऊन बसलेल्या मावशींनी चिंबोरीच्या खोक्यात डोकावून पाहिलं.

“यो काय हाय रं?”

“रोबो, मावशी.”

“चालतो?”

“एकटा चालतो! कुणी हातसुद्धा लावायचा नाही.”

“मंग या बाबाच्या डोक्याव कशाला दिलाव?”

पुतण्यापाशी उत्तर नव्हतं. माझ्यापाशी तर नव्हतंच.

लाँच सुटली. (लांबवर दिसणारी घारापुरी उरण तालुक्यात आहे, हे मुंबईकरांना पटवायच्या भानगडीत उरणकरांनी पडू नये.) वेळ जावा म्हणून मी मावशींना सांगितलं, की आशिया-पॅसिफिक देशांच्या विद्यार्थ्यांची रोबोकॉन स्पर्धा २००८ साली पुण्यात भरली आणि तिचा विषय होता गोविंदा. यंत्रांनी हंडीतलं लोणी पळवायचं.

“मंग जिकलं कोन?”

“चीनची पोरं.”

मावशी बराच वेळ पाण्याकडे बघत राहिल्या. “आन् आपलं गोविंदं कुठं गेलतं?”

२०१४ ला हीच स्पर्धा पुन्हा पुण्यात आली, तेव्हा विषय होता पालकत्व. मोठ्या रोबोनं छोट्या रोबोला उचलायचं, सी-सॉवर बसवायचं, झोपाळ्यावर झुलवायचं. मला तो विषय फार जवळचा वाटतो. फरक इतकाच, की त्या मोठ्या रोबोला बॅटरी होती.

मुंबईच्या बाजूला एका तपासणीत खोकं उघडावं लागलं. आत लाल-पिवळ्या वायरी, लिथियमची बॅटरी आणि चिकटपट्टीनं बांधलेला डिस्प्ले. “शाळेचा प्रकल्प आहे” हे वाक्य तात्या ज्या चोरट्या आवाजात म्हणाले, त्या आवाजात कुणी “देवपूजेचं सामान आहे” म्हटलं असतं तरी अटक झाली असती. शेवटी चिंबोरीला तिथंच चालवून दाखवावं लागलं. सबंध प्रवासात ती स्वतःच्या चाकांवर गेली ती एवढीच.

स्पर्धेच्या सभागृहात वर मोठाले हॅलोजन. हॅलोजनच्या उजेडात इन्फ्रारेड भरपूर असतो. ओटीवरच्या ट्यूबलाइटखाली शिकलेल्या चिंबोरीला तिथं काळं-पांढरं सगळं एकच दिसू लागलं. पट्टी सोडून ती प्रेक्षकांत घुसली आणि तात्यांच्या काळ्या बुटांपाशी येऊन थांबली. “बघा, ओळखलं मला!” तात्यांना गहिवरून आलं. परीक्षकांनी शून्य दिलं.

मग मात्र पोरांनी कमाल केली. बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा कापून सेन्सरभोवती झालर लावली, काळं कुठलं नि पांढरं कुठलं हे ठरवणारा आकडा तिथल्या उजेडात नव्यानं मोजला, आणि दुसऱ्या फेरीत चिंबोरी शेवटपर्यंत गेली. सावकाश गेली, बक्षीस मिळालं नाही. पण छापील उत्तरं पाठ करून मिळवलेल्या गुणांपेक्षा तो पुठ्ठा मला मोलाचा वाटला.

परतीला तात्यांना न विचारता लोकल धरली. न्हावा-शेवा येताच कंटेनरांचे ढीग आणि क्रेन दिसू लागल्या, आणि त्या क्रेनला किती सेन्सर असतील यावर पोरांची जुंपली. तात्या खिडकीची जागा सोडायला तयार नव्हते.

उरणहून रोबो घेऊन निघणाऱ्यांना एवढंच सांगणं: लाँचनं जाणार असाल तर आधी भरती-ओहोटी बघा, पुठ्ठा आणि काळा टेप जास्तीचा ठेवा, आणि सोबतच्या वडीलधाऱ्यांना त्या दिवशी पांढऱ्या चपला घालायला लावा.